चुलीकडचं बटण

आमच्या गावच्या घरात गणपतीच्या भिंतीवर चौदा पॉइंट आहेत. मखराच्या दोन बाजूंना चार, वर रानफळं-फुलं टांगायच्या माटवीच्या चौकटीवर उजेड पडावा म्हणून तीन, माळांसाठी चार प्लग, समईमागे एक मंद पिवळा दिवा, पंख्याचा एक आणि लाउडस्पीकरचा एक. एकही वायर दिसत नाही. सगळं भिंतीच्या पोटात. हे सगळं मी स्वतः बसून आखलं, आलेख कागदावर, तीन रंगांच्या पेन्सिलींनी. आणि ज्या बाईने त्या घरात उभा जन्म काढला तिने मागितलेलं एकच बटण त्या कागदावर नव्हतं.

ही बाई म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होतो. मी तिला तू म्हणतो, ती मला तुम्ही म्हणते. माझ्या डब्यात पहिली भाकरी घातली तेव्हापासून म्हणत आली आहे. मी पुढे नोकरीला ठाण्याला गेलो, सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो आणि तिथेच निवृत्त झालो. भाऊ गावच्या शाळेत मास्तर. तो वारला आणि घरात वहिनी एकटी राहिली. तिची मुलगी वैभववाडीला दिलेली. दर आठवड्याला फोन करून ती आईला म्हणायची, माझ्याकडे ये. वहिनीचं उत्तर ठरलेलं: "घर उघडा टाकून खंय येव?"

आमचं गाव तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आत दोन मैल. घर जांभ्या चिऱ्यांचं, वर नळे. पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे चूल. माजघर आणि चूल यांच्यामध्ये जी भिंत आहे ती गणपतीची. चतुर्थीच्या आधी तिच्यावर चितारी येऊन वेलबुट्टी आणि मोर काढतो आणि तिला पाठ लावून देव बसतो. मागच्या दारातून उतरलं की वीसेक पायऱ्यांची पाखाडी आणि पाखाडीच्या तळाशी विहीर. विहिरीवर पंप आणि पंपाचं बटण तिथेच, एका लाकडी पेटीत. वायर मीटरपासून घराला वळसा घालून पोफळींवरून लोंबत गेलेली, भावाने कधीकाळी नेलेली. रोज सकाळी वहिनी पाखाडी उतरून बटण दाबायची, वर यायची, टाकी भरली की परत उतरून बंद करायची.

भाऊ गेल्यावर मला घर सुधारायची हुक्की आली. हुक्कीच म्हणतो, कारण घराला तशी काही धाड भरली नव्हती. वायरिंग तेवढं जुनं होतं, लाकडी पट्टीवरचं, ठिकठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं. चतुर्थीला आम्ही सगळे चाकरमानी जमलो की माळा, फोकस, पंखे एकदम लागायचे आणि ऐन आरतीत फ्यूज उडायचा. दरवर्षी. माझा चुलत पुतण्यांसमोर पाणउतारा व्हायचा असं मला वाटायचं. त्यांना काही वाटत नव्हतं, ते मोबाईलचा उजेड धरून आरती पुरी करायचे. पण मी ड्राफ्ट्समन पडलो. माझ्या घरात फ्यूज उडतो म्हणजे काय?

तर उन्हाळ्यात महिनाभर येऊन राहिलो आणि कामाला हात घातला. आमच्याच वाडीतला वायरमन, पंचेचाळिशीचा शांत माणूस, दोन मदतनीस घेऊन यायचा. पहिल्या दिवशी त्याने खडूचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, "काकानू, आदी सगळी घरभर फिरूया. कोण खंय बसता, खंय उठता, ता बघून खुणा करूया. काकीकय बोलवा."

मी त्याला कागद दाखवला. म्हटलं, फिरायचं काही कारण नाही, सगळं इथे आहे. पॉइंट, बोर्ड, पाईप कुठून कुठे जाणार, वळण कुठे, जोडाचा डबा कुठे. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि खडू खिशात टाकला. पुढे मला त्या खडूची आठवण अनेकदा आली. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

दुसऱ्या दिवशी झिऱ्या मारायला सुरुवात झाली. झिरी म्हणजे पाईप बसवायला भिंतीत कापलेली दोन बोटं रुंदीची चर. कटर फिरला की जांभ्याची लाल धूळ अख्ख्या घरात. वहिनीने देव, भांडी, अंथरुणं सगळ्यांवर जुनी लुगडी टाकली आणि स्वतः मागच्या दारी तीन दगडांवर चूल मांडून आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करत राहिली. दुपारी मला पेज वाढताना ती म्हणाली, "भावजीनू, तां पंपाचा बटान हंय चुलीकडे येयत काय? पावसात पाखाडयेर शेवाळ धरता. खाली जावक भंय वाटता."

मी म्हटलं, "बघूया हां."

तिचं मागणं एवढंच. पुन्हा ती बोलली नाही. आमच्या वहिनीची ही खोड आहे. एकदा सांगते. ऐकलं तर ऐकलं.

मी विसरलो असं सांगितलं तर लोक मान डोलावतील. पण विसरलो नव्हतो. संध्याकाळी कागद उघडला तेव्हा आठवण होती. पंपाला जाड वायर लागते, तिला स्वतंत्र पाईप हवा, तो गणपतीच्या भिंतीतूनच मागे न्यावा लागणार. त्या जागी मी समईमागच्या दिव्याचा डबा आखला होता. तो चार इंच सरकवला असता तर पाईप बसत होता. पण मग दिवा समईच्या बरोबर मागे आला नसता, एका अंगाला झाला असता. मी बराच वेळ पट्टी लावून पाहिलं आणि मनात म्हटलं, वर्षानुवर्षं उतरते आहे, आणखी काय. कागद घडी करून ठेवला.

आठ-दहा दिवसांत पाईप गाडले, गिलावा झाला, पुट्टी झाली. भिंत अशी गुळगुळीत झाली की हात फिरवत राहावं. चिताऱ्याला बोलावून दाखवलीसुद्धा. आणि मग वायरी ओढताना वायरमन थांबला. माझा कागद त्याने भिंतीला टेकवून धरला होता. म्हणाला, "काकानू, काकीन सांगितलेला पंपाचा बटान हेच्यात खंय दिसणा नाय."

म्हणजे तिने त्यालाही सांगितलं होतं. मी म्हटलं, राहून गेलं. आता चुलीकडच्या पाईपातून ओढ. तो म्हणाला, तो पाईप भरलाय, त्यात पंपाची वायर जाणार नाही, गेली तरी तापेल. "पण अर्द्या दिसाचा काम आसा. कटर मारतंय, पाईप टाकतंय, गिलावो करून देतंय. सांजेक कळाचा पण नाय." मी भिंतीवर हात फिरवत राहिलो हे पाहून तोच म्हणाला, "नायतर भायरसून न्हेऊया, भिंतीक क्लिपा मारून."

बाहेरून? नव्या रंगाच्या घराला नाकासमोर पाईप? माझं डोकं फिरलं. दोन्ही नको होतं आणि नको म्हणायला माझ्याकडे एकही धड कारण नव्हतं. वहिनी दारात उभी होती, पदराला हात पुसत. गवंडी ओसरीवर बसलेले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "देवाची भिंत आसा ती. एकदा तयार झाली. आता परत छिन्नी लावची तर देवाक इचारूक होया."

या बोलण्यात आमच्याकडे वावगं कुणाला वाटत नाही. घरातलं लग्न असो, विहीर असो, म्हैस विकणं असो, देवळात जाऊन कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. वायरमनने मान हलवली. वहिनी म्हणाली, "इचारा. देवाक इचारल्याशिवाय नको."

खरं सांगायचं तर त्याच भिंतीला चौदा पॉइंटांसाठी चाळणी करताना मी देवाला काही विचारलं नव्हतं.

मी देवळात गेलो. खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो, एवढं तरी माझ्या पदरात घाला. मनात म्हणत होतो, देव उजवी देईल, मग करू मुकाट्याने. देवळाला कुलूप नव्हतं, पण गुरव नव्हता. त्याच्या घरून कळलं, सकाळीच तळेऱ्याला गेलाय, यायला सांज होईल. मी देवळाच्या पायरीवर बसलो. समोर कुणीतरी काजूबिया वाळत घातल्या होत्या. मग नाक्यावर येऊन चहा घेतला. पेपर वाचला. तासाभराने घरी आलो तर वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. तिने नुसतं वर पाहिलं.

"देवान डावी दिल्यान," मी म्हटलं.

ते वाक्य तोंडातून निघालं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं, इतकं ते सहज निघालं. वहिनीने हातातलं तांब्याचं भांडं पालथं घातलं. म्हणाली, "देवान नाय म्हटल्यान तर नाय. तेका कळता." आणि दुसरं भांडं घासायला घेतलं. मी आत जाऊन वायरमनला सांगितलं, चल, वायरी ओढ. त्याने माझा कागद परत भिंतीला टेकवला.

त्या वर्षी चतुर्थीला घर असं उजळलं की वाडीतले लोक खास भिंत बघायला आले. माटवीवरची तेरडी, कवंडळं, सुपाऱ्या, नारळ, एकेक वस्तू सुटी दिसत होती. चिताऱ्याचे मोर जिवंत वाटत होते. फ्यूज उडाला नाही. पुतण्यांनी फोटो काढले, ते कुठे कुठे पाठवले, लोकांनी विचारलं कुठल्या इंजिनिअरने केलं. मी मान ताठ करून फिरत होतो. मागे चुलीवर वहिनी पंचवीस माणसांचं रांधत होती आणि दिवसातून चार वेळा पाखाडी उतरून पंप चालू-बंद करत होती. एकदा पावसात मी तिला छत्री धरून उतरताना पाहिलं. एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने पोफळीचा आधार. मी पाहिलं आणि आरतीचं ताट आणायला आत गेलो. पाच दिवसांनी गणपती गेला. सहाव्या दिवशी आम्हीही गेलो. चौदा पॉइंटांची बटणं बंद झाली ती पुढच्या चतुर्थीपर्यंत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

पुढच्या वर्षी श्रावणात ती पडली. सकाळची वेळ. पंप चालू करून वर येताना मधल्या पायरीवरून पाय सरकला. पंप चालूच राहिला. टाकी भरली, वाहू लागली, पाणी शेजारणीच्या अंगणातल्या खळ्यात शिरलं. शेजारीण तणतणत आली, "टाकी व्हावता मगे, बटान बंद कर गो," म्हणत मागच्या दाराला आली आणि तिला वहिनी पाखाडीवर आडवी दिसली. टाकी भरायला पाऊण तास लागतो. पाऊण तास ती पावसात तिथे पडून होती. ओरडली असणार, पण पंपाच्या आवाजात ऐकणार कोण. पाणी वाहिलं नसतं तर दुपारही झाली असती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. मी पोचलो तेव्हा ती खाटेवर होती, पांढरीफटक. मला बघून म्हणाली, "तुमी कशाक धावत इलात? जेवलात काय?" मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. नर्सने येऊन विचारलं, पेशंटचे तुम्ही कोण. मला पटकन सांगता येईना.

हॉस्पिटलमध्ये भेटायला येणारी बायामाणसं हळहळायची. कुणी म्हणायचं, अगो, एवढं घर केलं, पंपाचं बटण तेवढं आत घेतलं असतं तर. वहिनी म्हणायची, "देवान नाय म्हटल्यान होता." आणि त्या बाया हात जोडायच्या. मी तिथेच बसलेला असायचो. देवाने नाही म्हटलं यावर कोण काय बोलणार? माझं पाप देवाच्या माथी आणि ते सांगते आहे कोण, तर मोडलेल्या हाडाची बाई. शरम वाटायची. आजही वाटते.

तिच्या मुलीने तिला वैभववाडीला नेलं. घराला कुलूप लागलं. मी देवळात गेलो, तिला बरं वाटावं म्हणून नारळ ठेवायला. या वेळी गुरव होता. त्याने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं: बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या हातसून जाणता-अजाणता काय चूकभूल झाली आसात, ती पदरात घे आणि ह्या घरच्या लक्ष्मीक तिच्या पायार उभी कर रे म्हाराजा. बाजूचे दोघे-तिघे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं. गुरवाने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी ते सोडून दिलं.

पुढची दीड-दोन वर्षं मी ते ओझं वागवलं. वैभववाडीला जायचो, फळं द्यायचो, गप्पा मारून परत यायचो. सांगायचं म्हणून जायचो आणि न सांगता यायचो. तिची मुलगी कोकम सरबत द्यायची. वहिनी वॉकर धरून घरातल्या घरात चालायची, बाकी वेळ खुर्चीत. दर वेळी विचारायची, "आमच्या मागच्या फणसाक काय धरलां?" ती त्या फणसाविषयी विचारायची तशी घराविषयी कधी विचारत नव्हती.

शेवटी मी वैशाखात गावी आलो आणि वायरमनला बोलावलं. म्हटलं, गणपतीच्या भिंतीला झिरी मार. तो म्हणाला, "देवाक इचारलात?" मी म्हटलं, मार तू. त्याने कटर लावला. चिताऱ्याच्या मोराच्या शेपटीतून लाल चर खाली आली. समईमागचा दिवा चार इंच सरकला. सरकला तर सरकला, आकाश कोसळलं नाही. पाईप बसला, आरपार चुलीकडे गेला, तिथून जमिनीखालून विहिरीपर्यंत. अर्ध्या दिवसाचं काम तो म्हणाला होता, तेवढंच लागलं. संध्याकाळी चुलीच्या उजव्या हाताला पांढरं बटण बसलं. दाबलं, खाली पंप सुरू झाला. बैल गेला नि झोपा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैभववाडी गाठली. वहिनी पडवीत खुर्चीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. मुलगी बाजारात गेली होती. मी समोर बसलो आणि पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. "वयनी, त्या दिसा मी कौल लावलंयच नाय. गुरव नाय होतो. देवान डावी दिल्यान नाय. मी खोटा सांगलंय."

तिने आठळी सोलून ताटलीत टाकली. म्हणाली, "माका म्हायत आसा."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. ती पुढे म्हणाली, "त्याच सांजेक गुरव दुकानार गावलो. मी इचारलंय, देवान डावी कशी काय दिल्यान? तो म्हणालो, वयनी, मी सकाळपासून तळेऱ्याक होतंय, कौल कोणी लावलो?"

त्याच संध्याकाळी. म्हणजे काम अजून चालू होतं, वायरी अर्ध्या ओढायच्या होत्या. वायरमन दुसऱ्या दिवशी यायचा होता. ती एक शब्द बोलली असती तर बटण बसलं असतं. मी म्हटलं, "मगे तू बोललंस कित्याक नाय?"

"काय बोलतलंय? वायरमन होतो, गवंडी होते. चार माणसांत तुमका खोटो पाडू?" तिने पुढची आठळी उचलली. "आणि तुमी देवाचा नाव घेतलात. म्हणजे तुमका करूचा नाय, इतक्या माका कळला."

हॉस्पिटलात त्या बायांना ती जे सांगत होती ते सगळं माहीत असून सांगत होती. मी खुर्चीच्या बाजूला बसलेला असताना. मला झाकत होती. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून बसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिला दिसलं, पण तिने तो विषय तिथेच ठेवला. माफ केलं म्हणाली नाही. मीही मागितली नाही, कुठल्या तोंडाने मागणार.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "वयनी, बटान बसयलंय. काल."

"खंय?"

"चुलीच्या उजव्या हाताक."

"उंच किती?"

"साडेचार फूट," मी म्हटलं. सगळ्या ड्रॉइंगांत तीच उंची असते, मी आयुष्यभर तीच लिहिली.

तिने बाजूच्या वॉकरकडे बघितलं आणि हसली. तिचं ते जुनं, थट्टेचं हसू, मी नववीत असताना भाकरी करपली म्हणून रुसलो की हसायची तसं. "उभी रवलंय तर दोनय हात ह्येका. एक सोडलंय तर पडतंय. मगे बटान दाबूक तिसरो हात खंयसून हाडू, भावजीनू?"

पुन्हा मी विचारलं नव्हतं. दीड-दोन वर्षं पश्चात्ताप केला, भिंत फोडली, मोराची शेपटी कापली, आणि ज्या बाईसाठी हे केलं तिला एक फोन करून विचारलं नव्हतं की तुझा हात कुठवर जातो. मी पिशवीतून टेप काढला. निवृत्त झालो तरी टेप पिशवीत असतो. म्हटलं, "हात लांब कर." तिने खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात पुढे केला, बोटांना फणसाचा चीक लागलेला. मी जमिनीपासून मोजलं. अडीच फूट. आयुष्यात पहिल्यांदा मी माणूस मोजून पॉइंट काढला. परत जाऊन वायरमनकडून बटण खाली आणवलं. कटर लावण्याआधी त्याने खिशातून खडू काढून मला दिला आणि म्हणाला, खूण तुम्ही करा.

चतुर्थीला मुलीने तिला रिक्षातून आणलं, पाच दिवसांसाठी. पहिल्या सकाळी आम्ही तिची खुर्ची चुलीपाशी नेली. तिने बटणाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि दाबलं. विहिरीवर पंप सुरू झाला, थोड्या वेळाने टाकीत पाणी पडायला लागलं. ती मान कलती करून ऐकत राहिली, टाकी भरेपर्यंत, पाऊण तास. कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. मग बटण बंद केलं. "बरा झाला," म्हणाली. पाचही दिवस पंप तिनेच चालवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी रिक्षा आली. मी म्हटलं, "वयनी, रव गो हंयच. आता खाली उतरूची गरज नाय."

ती रिक्षात बसली, वॉकर मुलीने पायाशी आडवा ठेवला. म्हणाली, "देव गेलो, आता तुमीय जातलात. बटान दाबून पाणी कोणासाठी चढवू?"

रिक्षा निघाली. दुसऱ्या दिवशी मीही ठाण्याला गेलो.

अधूनमधून मी जाऊन घर उघडतो. कुणी पाहुणा आला, पंप लावायला गेला की आधी भिंतीवर नेहमीच्या उंचीला चाचपडतो, मग खाली बघतो आणि वाकून दाबतो. बहुतेक जण विचारतात, हे एवढं खाली कुणी बसवलं, ड्रॉइंग चुकलं काय?

हो, मी म्हणतो. ड्रॉइंग माझंच होतं. चुकलं.